शोधाची अर्धीच गोष्ट सांगू नका : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक,

स.न.वि.वि.

आमच्या घरी वर्षानुवर्षे येणाऱ्या दैनिकाने आठवड्याचे विज्ञानाचे पान बंद केले. वाचकांसाठी दोन ओळींचे निवेदनही छापले नाही. त्या जागी आता 'अजब' नावाची रंगीत चौकट येते. तीत एक दिवस परग्रहवासीयांचे यान असते, दुसऱ्या दिवशी 'माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो' हे असते, तिसऱ्या दिवशी पौर्णिमेला वाढणारे वेड. शेजारी राशिभविष्य पूर्वीइतकीच जागा घेऊन बसले आहे. दैनिकाचे नाव मी घेत नाही, कारण हे दुखणे एकट्या त्या दैनिकाचे नाही. वाहिन्या लावल्या तरी हेच, मोबाइलवरच्या बातम्या उघडल्या तरी हेच. म्हणून पत्र एकाला न धाडता तुम्हा सर्वांना लिहीत आहे, आणि वाचकांनीही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

मी जुन्नर तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. आसपासच्या शाळांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. हिवाळ्यात, पीक निघून मोकळ्या झालेल्या वावरात सतरंज्या टाकायच्या, लहानशी दुर्बीण उभी करायची आणि मुलांना मृग, रोहिणी, कृत्तिका, गुरूचे चंद्र दाखवायचे, एवढाच तो उद्योग. तुम्ही सकाळी जे छापता आणि रात्री जे दाखवता, ते डोक्यात घेऊन ही मुले माझ्यासमोर बसतात. त्यांच्या प्रश्नांना मला उत्तर द्यावे लागते. या पत्रात माझा काही स्वार्थ असलाच तर तो एवढाच.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत चालल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. ज्या पट्ट्यात तो पडू शकला असता तो पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होता. त्यामुळे शहरांच्या याद्यांमध्ये मुंबईचे नाव आले. हे खरेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका वाहिनीने गेटवे ऑफ इंडियाच्या मागे आगीचा लोळ दाखवला आणि त्यावर टक्का लिहिला. सातवीतली एक मुलगी ते चित्र मोबाइलवर घेऊन आली. तिचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. तिने मला विचारले, "सर, बाबांना आत्ताच गावी बोलवून घेऊ का?" तिच्या आईनेही रात्री तोच विषय काढला होता.

मी वहीवर एक लांबट पट्टा काढला. २०३२ साली त्या दिवशी हा दगड या पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढेच आज ठाऊक आहे, असे तिला सांगितले. पट्ट्यात एके ठिकाणी पृथ्वीचा ठिपका काढला. नवी निरीक्षणे आली की पट्टा आखूड होतो. ठिपका आतच राहिला तर आखूड पट्ट्यात त्याचा वाटा मोठा दिसतो, म्हणजे टक्का वाढतो. आणि एक दिवस पट्ट्याची कड ठिपक्याच्या अलीकडे सरकली की टक्का एकदम गळून पडतो. तिने स्वतः खोडरबर घेऊन पट्टा दोन्हीकडून पुसत नेला आणि म्हणाली, "म्हणजे आधी वाढणारच होता." बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे पाच मिनिटांत कळले. झालेही तसेच. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेलेला आकडा आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आला. टक्का चढत होता तेव्हा रोज मोठा मथळा होता. उतरला तेव्हाची बातमी आमच्याकडे येणाऱ्या अंकात मला आतल्या पानावर, एका रकान्याच्या तळाशी सापडली. त्या मुलीच्या आईपर्यंत ती पोचली असेल का?

तुमच्यावर माझा पहिला आक्षेप हाच आहे. तुम्ही आकडा देता, पण तो कसा काढला ते गाळता. शास्त्रज्ञ 'शक्यता' म्हणाले की तुमचा मथळा 'धोका' म्हणतो आणि वृत्तनिवेदक 'संकट' म्हणतो. जागा नाही हे कारण मला मान्य नाही. आगीचा लोळ काढायला लागलेल्या जागेत तो पट्टा आणि ठिपका सहज मावला असता.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे, कारण त्यात तुम्ही वाचकांचा आनंद हिरावून घेता. शोधातली खरी नवलाई बहुतेक वेळा तो कसा लागला यात असते, आणि तुम्ही नेमका तोच भाग कापता.

१९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून (प्रकाशाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीतून) रोज सुमारे ३० मीटर लांबीचा आलेखाचा कागद हाताने तपासत असे. त्यात अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरची एक खरखर तिला पुन्हा पुन्हा दिसली. तो तारा नव्हता आणि माणसांनी केलेला गोंगाटही वाटत नव्हता. कागद वेगाने पळवून पाहिला तेव्हा दर १.३ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा नेमका. त्या गटाने त्याला थट्टेने 'लिटल ग्रीन मेन', म्हणजे हिरवी छोटी माणसे, असे नाव दिले. बातमी तिथेच संपवली की 'परग्रहवासीयांचा संदेश' छापता येतो. पण बेल यांनी त्याच डिसेंबरात आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा ठोका शोधला. दोन दूरच्या ठिकाणच्या दोन वेगळ्या जमाती एकाच वेळी, एकाच पद्धतीने आपल्याला हाक मारतील, हे संभवत नव्हते. म्हणजे हा निसर्गच होता. ते स्पंदक तारे निघाले, म्हणजे रेडिओ लहरींचे नेमके ठोके देणारे तारे. या शोधाच्या मोठ्या वाट्यासाठी १९७४ साली नोबेल मिळाले ते त्यांच्या मार्गदर्शकांना, त्यांना नाही. या गोष्टीत कुतूहल आहे, चिकाटी आहे, अन्यायही आहे. परग्रहवासी नसले तरी एवढ्यात एक पान भरते.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. पार्क्स इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून काही क्षणिक, विचित्र रेडिओ संकेत सापडत होते. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या रेडिओ स्फोटांशी त्यांचे बरेच साम्य होते. पण ते प्रामुख्याने कामाच्या दिवशी आणि जेवणाच्या वेळेच्या आसपास येत, ही गोष्ट खटकण्यासारखी होती. २०१५ साली संशोधकांनी छडा लावला. वेधशाळेतले कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन पूर्ण थांबायच्या आधीच त्याचे दार उघडत होते! त्यांनी ते जगापुढे प्रबंध लिहून मांडले. त्यामुळे खऱ्या आकाशी स्फोटांवरचा संशय फिटला, कारण ओव्हनची खूण आणि त्यांची खूण वेगळी आहे हे आता दाखवता येत होते. स्वतःची फजिती अशी नोंदवून ठेवणारे शास्त्र आमच्या मुलांना माहीत व्हायला नको का?

हे मी लिहितो आहे, कारण अशीच एक दुर्बीण आमच्या शिवारात आहे. खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप : ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. अलीकडे आमच्या तालुक्यात तिचे नाव निघते ते पुणे-नाशिक रेल्वेमुळे. नारायणगावजवळून जाणारा मार्ग दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून बदलला, अशा बातम्या तुम्ही भरपूर दिल्यात. रेल्वे मलाही हवी आहे. इथल्या शेतकऱ्याला, पुण्या-नाशिकला शिकणाऱ्या पोरांना ती हवीच आहे, आणि लोकांचा राग समजण्यासारखा आहे. पण विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांचा त्या ताटल्यांना त्रास का व्हावा, हे कुणी नीट सांगितले? जी दुर्बीण आकाशातली इतकी क्षीण कुजबुज ऐकते, तिच्याशेजारी ओव्हनचे दार उघडले तरी गोंधळ होतो, हे पार्क्सची गोष्ट सांगून चार वाक्यांत समजावता आले असते. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या ठोक्यांत पडणारा अगदी सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून, विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आकसवणाऱ्या लहरींच्या, मंद गुणगुणीचा पुरावा जगभरच्या गटांनी मांडला. त्यात युरोपातल्या दुर्बिणींच्या जोडीला ही आमची खोडदची दुर्बीण होती. आमच्या गावातल्या किती जणांना ते कळले? शेजाऱ्याला तिचे काम माहीत नसेल तर त्याला ती फक्त अडचण वाटणार.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे त्याकडे येतो. तुम्ही खगोल एका चौकटीत टाकता आणि मन दुसऱ्या. प्रत्यक्षात या दोन विद्यांची गाठ फार जुनी आहे, आणि ती चुकीतून पडली आहे.

१७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत राजखगोलज्ञ मॅस्केलिन यांनी किन्नेब्रुक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढले. दुर्बिणीत एक बारीक तार असे. घड्याळाचे ठोके कानांनी मोजत, तारा त्या तारेवरून नेमका कधी गेला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचे, हे त्याचे काम. त्याच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशांनी मागे पडू लागल्या. मॅस्केलिन यांना तो निष्काळजीपणा वाटला, आणि बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी ही हकिगत वाचली आणि त्यांना वेगळाच प्रश्न पडला : चूक त्या माणसाची होती, की माणसाच्या घडणीचीच? १८२० नंतर त्यांनी स्वतःची तुलना इतर नामांकित निरीक्षकांशी केली. ती सगळी मंडळी कामात चोख, तरीही त्यांच्यात फरक निघाला. एकाशी तर तो सेकंदाहून जास्त होता. डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले जुळवायला प्रत्येकाच्या मनाला आपापला वेळ लागतो. खगोलज्ञ याला व्यक्तिगत समीकरण म्हणू लागले. मनाला लागणारा तो वेळ मोजण्याचे प्रयोग पुढे वाढत गेले, आणि १८७९ साली वुंट यांनी लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हा तिथे हेच मोजमाप चालत असे. ताऱ्याची वेळ नोंदताना माणसाला स्वतःच्या मनाचा वेग सापडला. यापेक्षा अजब काय असू शकते? तुमच्या 'अजब' चौकटीत हे कधी आले नाही.

मंगळाचेही तसेच. १८७७ पासून काही निरीक्षकांना मंगळावर सरळ रेषांचे जाळे दिसू लागले. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी ते मंगळवासीयांनी खोदलेले कालवे ठरवले आणि वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतले. ग्रिनिचचे माँडर यांना शंका होती. १९०३ मध्ये इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी तिथल्याच एका शाळेतल्या मुलांना वर्गात वेगवेगळ्या अंतरावर बसवले आणि समोर मंगळासारखे चित्र ठेवले. त्यात ठिपके आणि पुसट डाग होते, कालवा एकही नव्हता. जे दिसते ते काढा, एवढेच सांगितले. ठिपके धड दिसतही नाहीत आणि धड नाहीसेही होत नाहीत इतक्या अंतरावर बसलेल्या मुलांच्या कागदांवर सरळ रेषा उमटल्या. विखुरलेले ठिपके मनानेच जोडून टाकले होते. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेले. त्याच्या छायाचित्रांत विवरे होती, कालवे नव्हते. पण उत्तर साठ वर्षे आधी एका शाळेच्या वर्गात मिळाले होते. मी हा प्रयोग आमच्या मुलांबरोबर करतो. खर्च शून्य, लागतो तो एक कागद आणि लांब वर्गखोली.

मोठ्या दिसणाऱ्या चंद्राचे घ्या. 'सुपरमून' म्हणून तुम्ही डोंगरामागचा प्रचंड चंद्र छापता. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना सर्वांत दूर असतानापेक्षा सुमारे १४ टक्के मोठा दिसतो, नेहमीच्या सरासरीपेक्षा तर त्याच्या निम्म्यानेच. नुसत्या डोळ्यांना तो फरक कळणे कठीण. क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो तो दर पौर्णिमेला, आणि ते मोठेपण आपल्या मनात असते. मुले वहीचे पान गुंडाळून नळी करतात आणि तीतून उगवता चंद्र पाहतात. आजूबाजूची झाडे आणि घरे दिसेनाशी होताच चंद्र आक्रसतो. दहा वाजता पुन्हा त्याच नळीतून पाहतात : तेवढाच! मन असे का करते, यावर हजारो वर्षे विचार होऊनही शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. प्रत्येक वाचकाला आपल्या गच्चीवर करता येणारा प्रयोग सोडून तुम्ही त्याला फक्त मोठ्या भिंगाने काढलेला फोटो देता.

तिसरा आक्षेप मेंदूच्या बातम्यांबद्दल आहे, आणि इथे लोकांचे पैसे जातात. 'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल' हे सगळ्यांना पाठ झाले आहे. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मूळ प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, बाळ एकही नव्हते. दहा मिनिटे संगीत ऐकल्यावर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कामात त्यांची थोडी प्रगती दिसली आणि ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. पुढे अनेकांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्यातले फारच थोडे उरले. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटण्याचा प्रस्ताव आणला, आणि आपल्याकडे गर्भसंस्काराच्या जाहिराती आजही 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' म्हणतात.

आमच्या भागातल्या एका टोमॅटो उत्पादकाने हंगामाच्या पैशातून मुलाला 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गाला घातले. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलगा वाचू लागेल, स्मरणशक्ती वाढेल, असा दावा. फी भरण्याआधी तो माझ्याकडे वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला होता. ते पैसे घेऊन छापलेले पान होते, पण टाइप बातमीचा, मांडणी बातमीची आणि 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात मुंगीएवढा. मी समजावून पाहिले. तो म्हणाला, "पेपरात आलंय, सर." अशा पट्टीला नाकाच्या बाजूने फट राहते आणि ती नीट बंद केली की वाचन थांबते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी दाखवले आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणारी 'डीएमआयटी' चाचणीही अशीच. तिला शास्त्रीय आधार नाही, हे देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, स्पष्ट सांगितले आहे. त्या शेतकऱ्याने तुमच्या नावावर विश्वास ठेवला. ते नाव पैसे घेऊन भाड्याने देताना निदान अक्षरे तरी मोठी असावीत.

मेंदूची रंगीत चित्रे छापतानाही थोडे थांबा. २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला एक मेलेला सॅमन मासा मेंदूचे काम टिपणाऱ्या यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. नेहमीची एक सांख्यिकी दुरुस्ती न करता हिशेब केला, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. शेकडो लोकांनी एकेक नाणे दहा वेळा उडवले तर कुणाला तरी दहाही वेळा छापा पडू शकतो, त्याला आपण सिद्धी म्हणत नाही. यंत्रही मेंदूचे हजारो बारीक ठोकळे एकदम तपासते, आणि काही ठोकळे निव्वळ योगायोगाने उजळतात. दुरुस्ती केली आणि मासा पुन्हा मेला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले गाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा ठळक निष्कर्ष मिळाला. यामुळे मानसशास्त्र खोटे ठरत नाही. आपले घर स्वतः झाडणारे शास्त्र म्हणून मला त्याचा आदर वाढतो. पण एकाच अभ्यासावर 'संशोधनातून सिद्ध' असा मथळा देऊ नये, एवढे त्यातून तुम्हाला कळायला हवे होते. पौर्णिमेच्या वेडाचेही तेच : १९८५ साली ३७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा चंद्राच्या कलांचा आणि माणसाच्या वागण्याचा म्हणावा असा संबंध आढळला नाही. ती चौकट २०२० नंतरच्या अंकांतही येते, याचे वाईट वाटते.

चौथा आक्षेप थोडक्यात. तुम्ही पाठपुरावा करत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने धावल्याची बातमी पहिल्या पानावर होती. काही महिन्यांनी प्रयोगातली एक केबल नीट बसली नसल्याचे उघड झाले. एप्रिल २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी ग्रहावर 'जीवसृष्टीचा पुरावा' आला. खुद्द संशोधक सावधपणे बोलत होते आणि इतर गटांनी तीच माहिती तपासून शंका घेतल्या. १ जुलै २०२५ रोजी सापडलेला ३आय/ॲटलस हा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. तो धूमकेतू आहे हे त्याभोवतीचे वायू आणि धूळ सांगत होते, पण अनेक ठिकाणी तो महिनोन्‌महिने यानच राहिला. दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याजवळ घडलेला बर्फाचा गोळा आपल्या अंगणातून गेला, हे पुरेसे नवल नव्हते का?

आणि राशिभविष्य. ते बंद करा असे म्हणायला माझा जीव धजत नाही असे नाही. ते बंद करावे, असे मी स्पष्टच म्हणतो. पण निदान शेजारी एकदा तरी हे छापा : जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातच एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या आणि पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगा, असे ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकी ४० पत्रिका पाहून २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी सुमारे ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तरी तेवढेच झाले असते. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. तरीही भविष्य 'जुळते' का? याचे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुझे स्वभावचित्र' म्हणून एकेक कागद दिला. तो किती जुळतो याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, म्हणजे जवळजवळ 'हुबेहूब मीच'. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता आणि तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा तुम्ही सर्वांनी पानभर श्रद्धांजली वाहिलीत. त्या अंकांतही राशिभविष्य होतेच.

आता मागण्या. विज्ञानाचे पान आठवड्यातून एकदा परत आणा. अर्धे आणा, पण आणा. शोधाची बातमी देताना तो कोणत्या नियतकालिकात आला, किती माणसांवर किंवा किती निरीक्षणांवर उभा आहे, आणि त्या कामात नसलेला एखादा जाणकार काय म्हणतो, ही तीन वाक्ये सक्तीची करा. जाणकार शोधायला दूर जावे लागत नाही. पुण्यात खगोलशास्त्राची आयुका आहे, खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए आहे, मुंबईत मूलभूत संशोधनाची टीआयएफआर आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मोठ्या मथळ्याने दिलेली बातमी पुढे फिरली, तर फिरल्याची बातमी त्याच पानावर द्या. मुलांच्या मेंदूशी संबंधित पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या टाइपात लावा. आगीचे लोळ आणि कोसळणाऱ्या इमारती ही कल्पनाचित्रे असतील तर चित्रावरच तसे लिहा. आणि तालुक्याच्या वार्ताहराला वर्षातून एकदा, २८ फेब्रुवारीला, खोडदला पाठवा. त्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला खेड्यापाड्यांतली मुले गर्दी करून येतात. वार्ताहराने उद्घाटनाच्या फोटोवर न थांबता त्यांचे प्रश्न लिहून आणावेत.

एक मागणी तारखेची आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जातो, पण आपल्याकडेही दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल. ढगांचे दिवस आहेत, तरी मुले आकाशाकडे पाहणार. त्या दिवशी गरोदर बायांनी काय खाऊ नये, कोणत्या राशीला काय होईल, हे कार्यक्रम लावू नका. सुरक्षित चष्मा कसा ओळखायचा, कागदाला भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर कशी घ्यायची, हे आठवडाभर आधीपासून दाखवा. मजकूर लागला तर मी आणि माझ्यासारखे तालुक्या-तालुक्यातले शिक्षक तो विनामूल्य लिहून देऊ. या पत्राचे उत्तरही खासगीत नको. तुमच्या अंकात, वाचकांना दिसेल असे छापा.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक